यानबूच्या खडकावरचा वेल्डर

आमच्या प्लांटमधला रत्नागिरीकडचा एक वेल्डर मला दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, सौदीतल्या यानबू शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी, प्रवाळाच्या धारदार खडकांवर भेटायचा. आम्ही दोघेही हौसेने गळ टाकायला जायचो. तो आल्या आल्या गळ काढत नसे. आधी उंच दगडावर बसून बिनसाखरेचा चहा पीत समुद्राकडे बघत राही. मी मोबाइलवर बघून वाऱ्याचा वेग सांगितला की म्हणे, "त्याला सांगू दे साहेब, आपण बघूया." बोलणं एवढंच.

एकदा मी खालच्या कपारीवर उभा असताना सुरमई लागली. रीळ करकरत सुटलं. एवढा मोठा मासा मला आयुष्यात लागला नव्हता. तेवढ्यात तो वरून ओरडला, "साहेब, वर या! यल्ला, लवकर!"

"थांब रे, दोन मिनिटं!"

तो थांबला नाही. खाली उतरला, चाकूने माझ्या गळाची दोरी कापली आणि मनगट धरून मला वर खेचलं. सुरमई गेली. मी संतापून त्याला वाट्टेल ते बोललो. माझं बोलणं संपायच्या आत लाट आली आणि मी उभा होतो ती कपार पाण्याखाली गेली. माझी गळांची पेटी, बर्फाचा डबा, सगळं घेऊन लाट मागे फिरली.

मी त्याच्याकडे वळलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं.

"अजून एक येतेय," समुद्रावरची नजर न काढता तो म्हणाला. "मागे सरका."