पडदे सोडलेली मोटार

त्या मोटारीचा आवाज इतक्या वर्षांनंतरही माझ्या कानातून गेलेला नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मी अकोल्याच्या ठाण्यात फौजदार होतो. जिल्ह्यात मोटारी फार नव्हत्या आणि होत्या त्यांत ही सगळ्यांत वेगवान. बाळापूरकडच्या एका तरुण पाटलांनी ती मुंबईहून आणली होती. लांबलचक नाक, वर कापडी टप, मागे दोघांपुरती जागा. शर्यतीत पळवायची म्हणून त्यांनी तिची धूर सोडणारी नळी स्वतःच्या हातांनी बदलली होती. आवाज दाबणारा सायलेन्सर ठेवला होता, पण त्याच्या आधी एक झडप बसवली होती. पायाजवळचा दांडा ओढला की झडप उघडे, धूर मधूनच बाहेर पडे आणि गाडी अशी गरजे की रस्त्यावरचे बैल जोत सोडून पळत. या आवाजाच्या तक्रारीवरून मी पाटलांना दोनदा ठाण्यात बोलावून समज दिली होती. माणूस हसरा होता. ऐकून घ्यायचा आणि गावाबाहेर गेला की पुन्हा दांडा ओढायचा.

थंडीचे दिवस होते. दुपारच्या सुमारास ठाण्यात खबर आली की पाटलांच्या थोरल्या बहिणीवर विषप्रयोग झाला असून त्या सिव्हिल हॉस्पिटलात बेशुद्ध आहेत. खबर देणारा पाटलांच्या घरचा कारभारी होता. त्याचं म्हणणं असं: अमरावतीचं लग्न आटोपून पाटील सकाळी निघाले. मागच्या सीटवर ताई आणि घरकामाची बाई. बडनेऱ्याला त्या बाईने ताईंना आपल्या हाताने ताक दिलं. मूर्तिजापूर सोडल्यावर ताई बोलेनाशा झाल्या आणि अकोल्यात उतरवताना मान टाकलेली.

"साहेब, परवाच हे बाई म्हनत होती, या ताईचं वाटोळं होईन म्हनून," कारभारी म्हणाला. "आन तिच्या मळ्याच्या बांधावर धोतरा माजला आहे. म्या डोयानं पाह्यला."

त्या काळी धोतऱ्याचे गुन्हे आमच्याकडे नवे नव्हते. रोजनामच्यात नोंद केली, ताकाचा गडू आणि हॉस्पिटलात त्यांना झालेल्या ओकारीचा नमुना सीलबंद करून रासायनिक तपासणीला पाठवला आणि बाईला बोलावून घेतलं. ती पातूरच्या एका माळी घराण्यातली, विधवा, चाळिशीच्या पुढची. वांगी-मेथीचा मळा दिराकडे आणि ही पाटलांच्या घरी राबायला. ठाण्याच्या ओसरीवर ती ताठ बसली होती. रडत नव्हती. रडणाऱ्यापेक्षा न रडणाऱ्याचा संशय लोकांना लवकर येतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

"वाटोळं होईन, असं म्हणालीस का?" मी विचारलं.

"म्हनली जी. खोटं कायले सांगू?"

"काहून?"

"माह्या पोरीचं बाळंतपन तोंडावर आलं, साहेब. पयलं आहे. मी सुट्टी मांगतली, त्यायनं नाई म्हनलं. मले राग आला. रागात मानूस बोलते. म्हनून काय मी जहर देईन त्यायले?"

"गाडीत ताईंना काय होत होतं?"

"डोकं दुखून राहिलं म्हने. मंग झोपल्या. मले वाटलं, लग्नातलं जागरन आहे, झोपू द्या."

माझ्याजवळ पाटलांचा जबाब होता. त्यात एक गोष्ट होती. ही बाई सारा रस्ता पडदा सारून तोंड बाहेर काढून बसली होती, जणू कोणाची वाट पाहत होती. कारभाऱ्याने या वाक्यावर फार भर दिला होता. मी तिला तेच विचारलं.

"मले मोटर लागते जी," ती ओशाळून म्हणाली. "पोटात ढवळते. आत बसलं का मयमय होये, बाहीर तोंड काढलं का बरं वाटे. माह्यंबी डोकं फुटून राहिलं होतं, पन कोनाले सांगू?"

आरोपी स्वतःचं दुखणं बचावासाठी पुढे करतो. हिने ते विचारल्यावर, लाजत सांगितलं. मी तिला हवालदाराच्या बायकोसोबत बसवून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर सावध गृहस्थ होते. म्हणाले, "धोतरा घेतलेला माणूस बडबडतो, कपडे चिमटीत धरून ओढतो, त्याच्या बाहुल्या मोठ्या होतात. यांच्यात यातलं काही नाही. उलट गाल बघा, लालसर आहेत. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसं मी अशी पाहिली आहेत. पण मोटारीत शेगडी कुठून येणार?"

बाहेर आवारात पाटील त्या गाडीला टेकून उभे होते. डोळे सुजलेले. मी सहज विचारलं, आज वाटेत गाडीने काही त्रास दिला का? ते म्हणाले, "झडप अडकली होती. दांडा सोडला तरी खालून फसफस आवाज येऊन राहिला होता, न् गाडी नेहमीसारखी ओढत नव्हती. घरी जाऊन पाहू म्हटलं."

"पडदे?"

"मागचे सोडले होते. ताईला थंडी सोसत नाही."

मी हवालदाराला बोलावलं आणि पाटलांना म्हटलं, सकाळी गाडी जशी होती तशी करा. पडदे सोडा. आम्ही दोघं मागे बसतो, तुम्ही बाळापूरच्या रस्त्याने चला. पाटील माझ्याकडे पाहत राहिले, पण बसले.

पहिले काही मैल मला आपण पोरखेळ करतो आहोत असंच वाटत होतं. वास म्हणावा तर तेलकट, मोटारीला असतोच तसा. मग कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकू लागल्या. हवालदार जांभया देत होता. मी त्याला गावाचं नाव विचारलं तर त्याने नुसती मान हलवली. पुन्हा विचारलं तर तीही हलवली नाही. मी दोन्ही पडदे वर फेकले आणि ओरडून गाडी थांबवली. हवालदाराला बाभळीखाली बसवलं. मोकळ्या हवेत तो लवकरच भानावर आला आणि सगळ्यांत आधी शिवी दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मागची चटई उचलली. खालची फळी चटका बसेल इतकी तापलेली आणि काजळलेली. गळती कुठे आहे ते दिसावं म्हणून पाटलांनी नळीच्या मागच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं आणि इंजिन हळू चालू ठेवलं. मी पोटावर झोपून खाली पाहिलं. झडपेची पेटी बरोबर मागच्या सीटखाली होती. उष्णतेने झडप वाकली होती, त्यामुळे दांडा सोडला तरी ती मिटत नव्हती. ती पेटी फळीला आवळण्यासाठी पाडलेल्या भोकांतले बोल्ट हादऱ्यांनी गळून पडले होते. धूर त्या भोकांतून सरळ वर चढत होता. पुढे वारा होता. मागे पडदे होते, आणि तोंड बाहेर काढलेली बाईच तेवढी शुद्धीवर राहिली होती.

पाटील धुळीतच बसले. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाले.

मी पंचांना बोलावून तिथेच पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी ताईंनी डोळे उघडले. काही आठवड्यांनी ताकात विष नसल्याचा निकालही आला, पण बाईला सोडायला मी त्याची वाट पाहिली नाही. वरिष्ठ साहेबांना सगळा अहवाल देऊन तिला मोकळं केलं. पाटील ठाण्याच्या ओसरीवर आले, टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले आणि चुकलो म्हणाले. तिने पदर सावरला आणि ताईंना पाहायला निघाली. हॉस्पिटलात ताईंनी खाटेला टेकून बसत, कारभाऱ्यासकट सगळ्यांच्या देखत सांगितलं, "मले ताक पाहिजे. तिच्या हातचं." बाईने ताक करून आणलं. ताई घोट घेत म्हणाल्या, "पोरीकडे जा. बाळंतपन होईस्तोवर येऊ नको."

पाटलांनी तिला मोटारीने पातूरला सोडायचं म्हटलं. ती साफ म्हणाली, "पयले मोटर दुरुस्त करा." त्यांनी केली. झडप काढून टाकली, नळी सरळ गाडीच्या शेपटापर्यंत नेली, फळीवर पत्रा ठोकून भोकं बुजवली. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मग पाटील स्वतः पडदे सोडून मागे बसले, एका मित्राने गाडी चालवली आणि बाळापूरपर्यंत जाऊन दोघं बोलत-हसत परत आले. तेव्हा कुठे ती बसली. पातूरला पोचली त्याच आठवड्यात मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. पुढे त्या गावातली अडलेली बाई अकोल्याला आणायची असली की निरोप पाटलांकडेच जाई आणि मोटार आवाज न करता येई.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. खबर येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा एक माणूसही येतो. तो रागावलेला असतो, काहीतरी बोलून गेलेला असतो, आणि मग त्याच्या मापाचा गुन्हा बेतायला वेळ लागत नाही. म्हणून पुढच्या नोकरीत मी माझ्या हाताखालच्या फौजदारांना सांगत आलो, की आरोपीसमोर जबाब घ्यायला बसण्याआधी, ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्या जागी जाऊन बसा. पुष्कळांना हे पटत नसे. कपडे मळतात, वेळ जातो, लोक हसतात. मी त्यांना म्हणे, हसू द्या. माणूस निर्दोष सुटून आपल्या लेकराकडे जाताना पाहायला मिळणं, हे आमच्या धंद्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते आलं.