तुतारीचे दात

कवळीचं डोकं फिरायला फारसं काही लागत नसे. हॉटेलच्या लिफ्टमध्ये दबक्या आवाजात जाझ लावलेलं ऐकू आलं की पुरे. "माणसं छाती फुटेस्तोवर वाजवतात आणि हे लोक त्याचं पायपुसणं करतात!" असं तो भर लिफ्टमध्ये ओरडायचा. बायको शेजारी असली की हळूच म्हणायची, "अहो, दातओठ खाऊ नका. धंदा आपलाच आहे, पण स्वतःचं गिऱ्हाईक होऊ नका."

धंदा खरंच दातांचा होता. डॉक्टर मंडळी जबड्यांचे ठसे पाठवायची आणि हा आपल्या खोलीत बसून कवळ्या घडवायचा. टेबलावर प्लास्टरची धूळ, हवेत वितळलेल्या मेणाचा वास, फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे आणि त्यांच्या डोक्यावर रेकॉर्डींची चळत. दोस्तांनी तरुणपणीच त्याचं नाव 'कवळी' ठेवलं आणि ते असं चिकटलं की सासरची माणसंही त्याच नावाने हाक मारू लागली.

दोस्तांपैकी दोघे जिवाभावाचे. एक तुतारी. दिवसभर विमा कंपनीत कारकुनी करायचा आणि सुटीच्या दिवशी ट्रम्पेट वाजवायचा. दुसरा टिचकी. रंगाच्या दुकानात काम करता करता डब्यांच्या झाकणांवर ताल धरायचा. मालकाच्या शिव्यासुद्धा तालात मोजायचा. रविवारी दुपारी एका रेस्टॉरंटच्या माडीवर ही मंडळी जाझ वाजवत. ड्रम्सवर टिचकी, पियानोवर एक शाळामास्तर, सॅक्सोफोनवर एक टपालखात्यातला. कवळीला स्वतःला काहीच वाजवता येत नव्हतं. तो आपला स्पूलचा टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन जायचा, एकुलता एक माईक खुर्चीच्या पाठीला बांधायचा आणि कोणी बशी आपटली तर मारक्या बैलासारखा बघायचा.

मग तुतारी स्कूटरवरून पडला. हातपाय शाबूत राहिले, पण समोरचे वरचे तीन दात गेले. दुसऱ्या कुणाचं फारसं बिघडलं नसतं, पण ट्रम्पेटवाल्याचे ओठ त्या दातांवरच टेकतात. दात गेले की वाद्यात फक्त वारा उरतो.

"दुसरं काहीतरी वाजव," मास्तर म्हणाला.

"तुला उद्या पियानोऐवजी टाइपरायटर दिला तर चालेल का?" कवळी त्याच्यावर खेकसला आणि तुतारीला आपल्या खोलीवर घेऊन गेला.

पहिली कवळी सुरेख झाली. तुतारीने लावली, वाजवलं आणि काढून टेबलावर ठेवली. "हिने हसता येईल, वाजवता नाही येणार." दुसरी वाजवता वाजवता सुटून ट्रम्पेटवरच आदळली. टिचकी हसून हसून लोळला. तिसरी टोचली. कवळीने वैतागून ती भिंतीवर फेकली, तेव्हा तुतारी शांतपणे म्हणाला, "अरे, तू फार सरळ दात करतोस. माझा एक दात तिरका होता. हवा त्याच्यापाशी वळायची."

कवळीने त्याचा जुना फोटो मागवला, भिंग लावून बघितला आणि तिरका दात तिरकाच बसवला. आयुष्यात मुद्दाम वाकडं केलेलं त्याचं हे एकच काम.

त्या रविवारी माडीवर तुतारी नवे दात लावून पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला. पहिला सूर फाटला. नुसती हवा सुटली, फुस्स! तेवढ्यात मागून टिचकी ओरडला, "दात आले रे बाळाला!" हशा पिकला, तुतारीही हसला आणि हसता हसताच त्याने दुसरा सूर लावला. तो असा लागला की खालच्या मजल्यावरचे वेटर जिन्यात येऊन उभे राहिले. हे सगळं टेपवर होतं. फुस्ससकट.

पुढे काही वर्षांनी माडीवरचं वाजवणं बंद पडलं आणि मग एकेकाची जायची पाळी आली. मास्तर गेला, टपालवाला गेला, एका वर्षात टिचकी आणि तुतारी दोघेही गेले. कवळी रडला नाही, चिडला. "सांगून ठेवलं होतं, सिगारेट सोडा. ऐकलं का एकाने तरी? आता मी कुणाबरोबर भांडू?" रिकाम्या खोलीत तो मेलेल्या माणसांना झापायचा. एखाद्या रेकॉर्डवर बाकीचे थांबून एकट्या बेसचा, त्या जाड तारांच्या वाद्याचा, हळू तुकडा आला की मान वळवायचा आणि दाद वाटून घ्यायला कुणी नाही हे लक्षात आलं की रेकॉर्डच बंद करायचा.

अशात तुतारीचा मुलगा आला. मोठ्या कंपनीत होता, बोलायला गोड. "काका, बाबांची ती टेप मला द्या ना. नीट स्वच्छ करून घेतो, लोकांपुढे आणतो. बाबांना कोण ओळखतं आज?"

कवळीला भरून आलं. त्याने स्पूल स्वतःच्या हाताने रुमालात बांधून दिलं.

नव्या रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम एका थंडगार सभागृहात झाला. टिचकीची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, कवळीच्या शेजारी बसली होती. मुलाने चार शब्द छान सांगितले. दिवे मंद झाले, रेकॉर्डिंग सुरू झालं.

फुस्स नव्हतं. हशा नव्हता. 'दात आले रे' नव्हतं. ट्रम्पेट चकचकीत, धुऊन पुसून ठेवलेलं. आणि मागे ड्रम्स? कवळीने कान टवकारले. ते ड्रम्स घड्याळासारखे चालले होते, ना मागे ना पुढे. टिचकी असा कधी वाजवत नसे. हा टिचकी नव्हताच. हे यंत्र होतं.

"बंद करा!" कवळी उभा राहून ओरडला. "बंद करा हे!"

कुणीतरी 'श्श' केलं. मुलगा घाईघाईने जवळ आला. "काका, बसा ना. काय झालं?"

"टिचकी कुठाय?"

"काका, एकच माईक होता. ड्रम्स फार वर येत होते, बाबा झाकले जात होते. म्हणून ते कॉम्प्युटरवर काढून नवीन टाकले. आजकाल सगळे करतात."

"उद्या फोटोत तुझ्या बापाचं नाक मोठं दिसलं तर ते पण काढशील? माणूस होता तो! तुझा बाप त्याच्या खांद्यावर उभा राहून वाजवत होता!"

"काका, लोक बघतायत."

"बघू देत. ऐकायला तर तू काही ठेवलंच नाहीस!"

वहिनीने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी तो टेप स्वच्छ केली होती त्या स्टुडिओत जाऊन धडकला. तिथला तंत्रज्ञ मधल्या वयाचा, भला माणूस होता. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. स्पूल परत दिलं, शिवाय हात न लावलेली मूळ प्रतही काढून दिली. "मला हेच आवडलं होतं," तो म्हणाला, "पण पैसे देणाऱ्याला दुसरं हवं होतं." कवळीने त्याच्यावरही डोळे वटारले, पण प्रत घेतली आणि तडक वहिनीचं घर गाठलं.

वहिनीने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. नवऱ्याचं ओरडणं आलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? त्या दिवशी हे घरी आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, आज मी पार वाट लावली, सारखा पुढे पळत होतो."

कवळीने पुन्हा लावून ऐकलं. खरंच, टिचकी पळत होता. मित्राचे दात टिकतील की नाही या काळजीने म्हणा की आनंदाने म्हणा, तो ताल सोडून धावत होता आणि तुतारी त्याच्यामागे धावून त्याला गाठत होता. म्हणूनच तो सूर तसा लागला होता.

"वाट लावली असेल," कवळी म्हणाला, "पण त्याने लावली होती. त्या यंत्राने नाही."

त्याने तिथूनच मुलाला फोन करून बोलावून घेतलं. मुलगा आला, बूट काढून अवघडून बसला. दोघांनी त्याला मूळ प्रत ऐकवली. संपल्यावर तो म्हणाला, "मला बाबा हसलेले आठवतच नाहीत. मला कळायला लागलं तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं होतं."

कवळीला त्याची दया आली आणि दया आल्याचाही राग आला. "मग जे हातात होतं ते कशाला पुसलंस, गाढवा?"

मुलाने मान खाली घातली. "हेही बाहेर काढतो, काका. त्या रेकॉर्डच्या शेवटी जोडतो."

"जोडायचं नाही. ते काढायचं, हे घालायचं."

"रेकॉर्ड काढणारी कंपनी ऐकणार नाही."

"मग दोघं मिळून तिच्याशी भांडू. मला सवय आहे."

भांडण पुरं जिंकता आलं नाही. धुतलेलं रेकॉर्डिंग बाजारात राहिलंच. मूळ प्रत वेगळी निघाली, तीही मोजक्याच संख्येने. तिच्यावर टिचकीचं खरं नाव मोठ्या अक्षरांत छापलं, एवढं मात्र कवळीने भांडून मिळवलं. आणि मुलगा आता अधूनमधून रविवारी त्याच्या खोलीवर येतो. बेसचा तुकडा चालू असताना तो बोलायला लागला की कवळी त्याच्यावर जोरात ओरडतो.