रेमंडच्या मांडीचं माप

चौक गावात सेलेस्टिनच्या तोंडी लागायची हिंमत फार थोड्यांना होती. तीस वर्षं ती भाईंदरच्या बाजारात मासळी विकत होती आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हिंदी, गुजराती, मराठी अशा तिन्ही भाषांत गप्प करत होती. बर्फाने भरलेली पाटी ती एका दमात डोक्यावर घ्यायची. तिचे दंड बघून नवरा रेमंड म्हणायचा, आपल्या होडीवर एक खलाशी कमी असला तरी भागेल. ती रागावल्यासारखं करायची, पण तिला ते आवडायचं. देवाशी मात्र ती घासाघीस करत नसे. नवस बोलली की बोलली.

दोन हजार सहा साली, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, रेमंड होडीच्या ओल्या काठावरून घसरला आणि कमरेवर आपटला. हाडाला तडा गेला. ऑपरेशनची गरज नाही, पण सहा आठवडे पलंग सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साठीला टेकलेला माणूस इतके दिवस पडून राहिला की पुढे काय होतं, हे सेलेस्टिनने गावात दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. दोघांची हाडं जुळली, पण ते पुन्हा चालले नाहीत. रेमंडचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून तिने नवस केला. ईस्टरला रेमंड चालेपर्यंत घरात मासळी शिजणार नाही. उपासाच्या चाळीस दिवसांत मटण सगळेच सोडतात, पण कोळ्याने मटण सोडलं त्यात काय मोठंसं? सोडायची तर मासळी सोडावी, असं तिचं म्हणणं. मासळीबरोबर अंडीही गेली. रेमंडला सकाळ-संध्याकाळ तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, कारण आजाऱ्याला पेजच सोसते हे तिला आईने सांगितलं होतं. पाय हलवायलाही सक्त बंदी. त्याने अंगठा हलवला तरी ती स्वयंपाकघरातून दटावायची.

दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की ती त्याच्या दुखऱ्या बाजूच्या मांडीला जाळ्याचा दोरा गुंडाळून बघायची. पहिल्या रविवारी, सूज चढलेली असताना, जिथे दोरा जुळला तिथे तिने गाठ मारली होती. त्याच दिवशी रेमंडने दोऱ्याचा एक तुकडा मागून घेतला, तिचा हात जवळ ओढला आणि तिच्या दंडाचं माप घेऊन तिथेही गाठ मारली. खलाशाचंपण माप असू दे, म्हणाला आणि तो तुकडा उशीखाली सरकवला. ती हसून कामाला लागली आणि विसरूनही गेली.

तिसऱ्या रविवारी मांडीवरची गाठ तीन बोटं पुढे गेली. सूज उतरली म्हणून सेलेस्टिनने भिंतीवरच्या कुरुसाजवळ मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी मिनल आली. ही काशीगावची फिजिओथेरपिस्ट. माहेरची माणसं रत्नागिरीकडची. सेलेस्टिनची मुलगी जोआन हिने तिला बोलावून घेतलं होतं. मिनलने चादर बाजूला केली, मांडी हाताने चाचपली, मग कोपऱ्यातल्या पेजेच्या टोपाकडे पाहिलं.

"आंटी, ही सूज उतरली नाहीये," ती हळूच म्हणाली. "काकांचं मांस गेलंय."

मिनलने समजावून सांगितलं. पाय वापरात नसला की शरीर त्याच्यावरचं मांस कमी करत जातं, आणि नुसत्या पेजेने ते भरून येत नाही. प्रत्येक जेवणात अंडं, मासळी, डाळ, दही असं काहीतरी हवं, आणि पडल्या पडल्या पायाला कामही हवं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे धरायची, सोडायची. पावलं वरखाली करायची. डॉक्टरांना विचारलंय, हाड सरकणार नाही.

रेमंडला ते लगेच पटलं. "होडी किनाऱ्याला ओढून ठेवली का फळ्या उकलतात," तो म्हणाला. "तसंच हाय ना हे?"

तसंच होतं. पण नवसाचं काय? सेलेस्टिन तडक फादरकडे गेली. आजाऱ्यावर चर्च उपास लादत नाही, रेमंडला खुशाल खाऊ घाल, असं फादरनी सांगितलं. ती वाटेने विचार करत आली. देवाला दिलेला शब्द अर्धा परत घेणं तिच्या रक्तात नव्हतं. रेमंडचा उपास सुटला असेल, तर तो आपण धरू, असं तिने मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून रेमंडच्या ताटात दोन अंडी, बोंबलाचं कालवण, घट्ट डाळ येऊ लागली. टॉवेल दाबताना त्याला आकडे मोजायचा कंटाळा यायचा, म्हणून ती शेजारी बसून 'नमो मरिया' म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंत दाबून धरायचं, मग सोडायचं. जपमाळेचे दहा मणी झाले की विसावा, आणि हे दिवसातून तीनदा. ती स्वतः काय जेवते, असं घरात विचारलं तर बाजारात खाल्लं म्हणायची, बाजारात विचारलं तर घरी खाल्लं. पोटात पेज आणि लोणचंच होतं, आणि पाटी रोज तेवढीच जड होती.

चौथ्या रविवारी गाठ आणखी अर्धं बोट पुढे गेली. पाचव्या रविवारी तिथेच राहिली. सहाव्यालाही तिथेच. मांडी भरली नव्हती, पण झिजायची थांबली होती. पडून असलेल्या माणसाने एवढं राखलं म्हणजे खूप झालं, असं मिनल म्हणाली.

एक्स-रे चांगला आला आणि डॉक्टरांनी उभं राहायची परवानगी दिली. ईस्टरच्या दुपारी मिनल वॉकर घेऊन मुद्दाम आली. रेमंड उठला. पायांनी त्याचं वजन पेललं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत तो नऊ पावलं चालला आणि खुर्चीत बसला. सेलेस्टिन पदराने डोळे पुसत राहिली. बाजारातल्या कुणी तिला तसं पाहिलं असतं तर खरं मानलं नसतं.

जोआनने तळलेल्या सुरमईची ताटली पुढे ठेवली. रेमंडने ताटलीला हात लावला नाही. त्याने खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला.

"हात दे," तो म्हणाला.

त्याने दोरा तिच्या दंडाला गुंडाळला. गाठ तीन बोटं पुढे गेली. चार आठवडे तो पलंगावरून तिच्या बांगड्या कोपराकडे सरकताना बघत होता आणि गप्प होता, कारण नवसाच्या बाबतीत ती ऐकणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

"माझी मांडी राखलीस, सेलू," तो म्हणाला. "हा दंड कुठे ठेवून आलीस?"

तीन भाषांत भांडणारी सेलेस्टिन कोपराकडे सरकलेल्या बांगड्या मनगटाकडे ओढत राहिली. रेमंडने सुरमईचा काटा काढला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी धरला. तो चालला होता, नवस फिटला होता, आणि नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण उरलं नव्हतं.