चिंचेवरचे सतरा तास

आमचा लष्कराचा फ्लड रिलीफ कॉलम आदल्या संध्याकाळी हायवेवरच्या जाम गावी पोचला. मुक्काम एका शाळेत होता. मी सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलातला जवान, मूळ याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी स्वतः कॉलेजचा फॉर्म भरून दिला नसता तर तोही झालो नसतो. तुकडीत मला ‘बी.ए.’ म्हणत. जिल्हा माझा, बोली माझी, म्हणून कंपनी कमांडर साहेबांनी मला पहिल्या बोटीवर नेमलं.

बोटीचे कमांडर हवालदार बाबर. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते कृष्णाकाठचे, लहानपणापासून पुरात पोहलेले. मी कोरडवाहू शिवारातला. पोहायला शिकलो ते ट्रेनिंगच्या टाकीत, त्यांच्याच शिव्या खात. पाण्याची भीती गेली नव्हती आणि हे त्यांना माहीत होतं.

०६०० ला ब्रीफिंग झालं. वणा नदीच्या पुरात एका टेकाडावर भाजीवाल्या शेतकऱ्याचं कुटुंब अडकलं होतं. १०४० ला आम्ही तिथे पोचलो. माणसं आठ. चालक सोडून बोटीत तेवढीच जागा होती. उस्तादांनी ठरवलं, आम्ही दोघांनी उतरायचं आणि दुसऱ्या फेरीत जायचं. दोन लहान मुलींना आमची लाइफ जॅकेटं घातली.

शेतकरी बोटीत बसेना. “तुमी काऊन थांबून राह्यले, साहेब? मी थांबतो ना.”

त्याच्या बायकोने त्याचा हात ओढला. “बसा गुमान. त्यायले पोहता येते.” मग मला म्हणाली, “भाऊ, भूक लागली त वाडीतल्या काकड्या खाजो.”

बोट निघाल्यावर उस्ताद हसले. “बी.ए., तुला पोहता येतं म्हणे. पाण्याला डिग्री दाखव.”

११३० ला उस्तादांच्या गळ्यातला रेडिओ बोलला. “कंट्रोल टू अल्फा वन. बोट का इंजन बंद. सवारी सेफ. दूसरी बोट कल सुबह. ओव्हर.”

“रॉजर. आउट,” उस्ताद म्हणाले. तासाभराने सेटमध्ये पाणी गेलं. त्यानंतर आम्हाला कोणाचा आवाज नव्हता.

१४२० ला शेतकऱ्याच्या झोपडीत पाणी शिरलं. टेकाडावर चिंचेचं एकच झाड होतं. आम्ही त्यावर चढलो. मुळांखालची माती सुटत होती. उस्तादांच्या अंदाजाने झाड संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हतं. रस्त्याचा भराव दोनशे मीटरवर दिसत होता.

“पोहून जाऊ. मी पुढे, तू मागे.”

हा हुकूम होता. मी फांदी सोडली नाही.

“उस्ताद, मी येत नाही.”

“का?”

“भीती वाटते.”

माझ्या सबंध नोकरीत हुकूम नाकारल्याची ती एकच वेळ. मला वाटलं, शिवी देतील.  पण कमरेचा दोर सोडून त्यांनी माझ्या हातात दिला.

“मग नीट भी. बांधून घे. झोपू नकोस. मी बोट घेऊन येतो.”

१५१० ला ते पाण्यात उतरले. अर्ध्यापर्यंत सरळ गेले. तेवढ्यात वरून उपटलेलं एक झाड आडवं वाहत आलं. ते पुढे गेल्यावर उस्तादांचं डोकं दिसलं नाही. मी हाका मारत राहिलो.

लांब हायवेवरून ट्रक जाताना दिसत होते. त्यांना मी दिसत नव्हतो. मी स्वतःला खोडाशी बांधलं. दर पंधरा मिनिटांनी गाठी तपासत होतो, पाणी कुठवर आलं ते बघत होतो आणि जमेल तेवढा वर सरकत होतो. नंतर लोकांनी याला शिस्त म्हटलं. ती भीती होती. अंधारण्याआधी वरच्या फांदीवर मला एक साप दिसला. विषारी की बिनविषारी, कळलं नाही. त्याच्या भीतीने माझी झोप उडाली. रात्रभर मी त्याच्याशी बोलत होतो: इकडे येऊ नकोस, मीही तिकडे येत नाही. पाणी बुटांपर्यंत चढलं आणि पहाटे उतरू लागलं. उजाडलं तेव्हा साप तिथे नव्हता. त्या वेळी मला सगळ्यात जास्त एकटं वाटलं.

०७२० ला बोट आली. मी विचारलं, “उस्ताद?” बोटीतल्या जवानांनी मलाच तो प्रश्न विचारला. दोन दिवसांनी उस्तादांचं शरीर चार किलोमीटर खाली, बाभळींत सापडलं.

चौकशीत मी हुकूम नाकारल्याचं सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं. शिक्षा झाली नाही. आता मी निवृत्त आहे, नालवाडीत राहतो. कॉलेजवाले शौर्यावर बोलायला बोलावतात. मी हेच सांगतो. मुलं जरा निराश होतात.

पहिल्या रजेत मी उस्तादांच्या गावी गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

“त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं का बरोबर?”

“हो.”

“मग?”

“मी भ्यालो, वहिनी.”

त्यांनी माझा रिकामा कप बाजूला ठेवला. नंतर विचारलं, “पोहताना कसे दिसत होते?”

मी सांगितलं. हात एकसारखे पडत होते, मान वर होती, घाई नव्हती. टाकीत आम्हाला शिकवायचे, अगदी तसेच.

वहिनी उठल्या आणि आतल्या दारापाशी गेल्या. “मामंजी, बाहेर या. ह्या भाऊंनी शेवटपर्यंत बघितलंय त्यांना.”

म्हातारे हळूहळू आले, भिंतीला धरून खाली बसले आणि कान माझ्याकडे केला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.