मशिनीत वस्ती रिकामी व्हती

त्या दुपारी दवाखान्यात आमी चौघंच व्हतो. मी, माझी लेक, औशद देनारा दादा आन आतली नर्सबाई. ओसरीवर चिटपाखरू न्हवतं.

लेकीला लहानपनापासून मिरगी. रोज दोन गोळ्या, चुकल्या की झटका. ऊसतोडीला जाताना सहा महिन्याच्या न्हेल्या व्हत्या, त्या परतायच्या आदीच सरल्या. तिसरा दिस बिनगोळीचा. ट्रकातून उतरलो, बोचकी घरात टाकली आन तिला घेऊन तशीच निघाले.

दादानं कंप्युटरात बघितलं.

"मावशी, ह्या गोळ्या आता येतच न्हाईत. मागं जेवढं खपलं तेवढंच ही मशीन वरून मागवते. गेल्या सहा महिन्यात तुमच्या वस्तीवर कुनी घेतल्याच न्हाईत."

"कशा घेनार? आख्खी वस्ती तोडीला गेलती."

त्यानं पडदा माझ्याकडं फिरवला. "हे बघा. साखर शून्य, दमा शून्य, मिरगी शून्य. मशीन म्हनती, तिथं आजारी मानूसच न्हाई."

दुसरी शिकलेली मी, पन शून्य वळखते. वरपासून खालपर्यंत नुसते गोल. साखरेच्या गोलात माझा दीर व्हता, दम्याच्या गोलात जाऊ. दोघं जित्ते, माझ्यासंगं त्याच ट्रकातून उतरलेले.

"मंग आमी कोन रे बाबा, भुतं?"

दादा हासला. "भुतांना गोळ्या लागत न्हाईत, मावशी."

लेक हासली न्हाई. ती दाराकडं बघत व्हती. "आई, उसाचं पाचट जळतंय."

कुठंच जाळ न्हवता. नर्सबाईनं बी हुंगून बघितलं. मला ठावं व्हतं. झटक्याच्या आदी तिला असाच वास येतो, दुसऱ्या कुनाला येत न्हाई. मी पदर गोळा करून पुढं झाले, तवर ती पडलीच.

नर्सबाईनं तिला कुशीवर घेतलं, सुई दिली. दादा गाडीवर तालुक्याला, केजला गेला आन गोळ्या घेऊन आला. तवर लेकीनं डोळे उघडले व्हते. लई येळ माझ्या तोंडाकडं बघितलं आन म्हनली, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

पोटची लेक. मी गावाचं नाव सांगितलं. तिनं मान हालवली, जसं कधी ऐकलंच न्हाई.

दिस मावळताना तिनं मला आई म्हनलं. पडताना पुढचा एक दात गेला, बाकी लेक हाय.

वाचनाऱ्यांनो, तुमच्यातलं कुनी असल्या मशिनीवर बसत असंल, तर शून्य दिसलं म्हनून औशद बंद करू नका. आदी इचारा, मानसं बरी झालीत का तोडीला गेलीत.