गीला लावलेलं हळदकुंकू

ही गोष्ट मी लहान होते तेव्हाची. म्हणजे बासष्ट वर्षांची. आता सहासष्टची झाले, थोडी अक्कल आली आहे. पण तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, काय सांगू! तिला सगळंच कळायचं, आणि कापडातलं तर जरा जास्तच.

कापडातलं तिचं ज्ञान लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं. मार्कंड्याच्या जत्रेत चमकते म्हणून तिनं नायलॉनची साडी घेतली, आणि चार बायांनी बघावी म्हणून ती नेसून धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला गेली. चिखलात भिजलेली साडी पायांना अशी गुंडाळली की दोघींनी काखेत हात घालून तिला शेतातल्या बांधीतून बाहेर ओढलं. एवढ्या अनुभवाच्या जोरावर पुढची चाळीस वर्षं घरातलं प्रत्येक कापड तिच्या पसंतीनं आलं.

माझी नात चंद्रपुरात ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकते. दोन पोरी गादीवर लोळतात, एकमेकींची कॉलर धरतात, आणि जी आधी हात आपटून हार मानते ती हरली. आमच्या गावात नळावर हे रोज बघायला मिळायचं, पण त्याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं. यासाठी जो जाड सुती कोट, विजार आणि पट्टा घालतात त्याला गी म्हणतात. पोरगी इतके दिवस क्लासमधला गी घालून शिकत होती. नागपूरच्या स्पर्धेसाठी स्वतःचा हवा होता. आदल्या वर्षीची स्पर्धा तिची तापात गेली होती आणि पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात जाणार होती. त्यामुळे तिचं सगळं चित्त या एकाच दिवसावर लागलेलं. ताटातला भातसुद्धा मोजूनमापून खायची, वजन वाढायला नको म्हणून.

मी तेव्हा गावाहून लेकाकडे आले होते. गी निवडायला पोरीबरोबर क्लासमध्ये गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सरांनी तीन गी काढून ठेवले होते. पांढरा, निळा, काळा. नातीनं सरळ काळा उचलला.

"ठेव खाली," मी म्हटलं. "पहिल्यांदाच खेळायले चालली अन् काळं घालते काय वो?"

"आजी, डाग दिसत नाई त्याच्यावर."

"डाग पडूच काऊन द्यायचे? अन् तो निळा त ट्रकच्या क्लिनरचा वाटून राह्यला."

म्हणजे पांढरा. मग मापावर वाजलं. वाढतं अंग आहे, दोन बोटं मोठा घे, असा माझा आग्रह. पोरगी म्हणाली, "सैल घेतला त समोरचीले धरायले सोपा जाते. तू मले जिंकवायले आली का हरवायले?" सर तोंड फिरवून हसले. शेवटी अगदी नेमका बसणारा पांढरा गी ठरला. सरांनी दोन गोष्टी बजावल्या. स्पर्धेत आधी गी तपासतात. डाग चालत नाही, आणि हात समोर सरळ धरले की बाही मनगटापासून फार वर गेलेली चालत नाही. आणि हे कापड आटतं, म्हणून गरम पाणी अजिबात नको.

"त्याले काय सांगता भाऊ," मी म्हटलं, "माहा जलम कापडं धुण्यात गेला."

स्पर्धेला दोन दिवस होते. कोरं कापड आमच्याकडे तसंच अंगावर चढवत नाहीत. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, देवापुढे ठेवायचं, मग घालायचं. साडीला लावतो, उपरण्याला लावतो, मग गीनं काय पाप केलं? सकाळी मी ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. नातीवर प्रेम जास्त, म्हणून बोटही जरा जास्त बुडवलं. लावलंही कुठे, तर छातीवरच्या कॉलरला, सगळ्यांना दिसेल असं.

पोरगी अंघोळ करून आली आणि किंचाळली, "आजी! हे काय केलं वो?"

"शुभ असते."

"सर काय म्हणले होते? डाग चालत नाई!"

"डाग कुठी आहे? हळद आहे."

तरी मी साबण घेतला आणि घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या बाईलाही ठाऊक होतं, पण घाईत आठवलं नाही. पिवळा ठिपका होता, त्याचा तळहाताएवढा तांबडा डाग झाला. कोणाचं तरी नाक फुटून गी रक्तात भिजला असावा, असा. पोरगी रडत क्लासला गेली.

शहाणी बाई असती तर तिनं तो गी नुसता चंद्रपूरच्या उन्हात टाकला असता. आमचं ऊन माणसाचा रंग ठेवत नाही, तिथे हळदीची काय कथा! पण मला धीर कुठला? मी गॅसवर मोठा गंज चढवला, पाणी उकळलं, सोडा टाकला आणि गी त्यात भातासारखा शिजवला. मग गच्चीवर वाळत घातला. संध्याकाळी डाग साफ! मी इस्त्री केली, घडी घातली आणि पोरीच्या हातात दिली. ती मला बिलगली. घडी मोडू नये म्हणून तो घालून बघू नको, असंही मीच सांगितलं.

नागपूरला रांगेपुढे गी तपासायला एक बाई उभ्या होत्या. "हात समोर कर," त्या म्हणाल्या. नातीनं हात पुढे केले आणि बाह्या निम्म्या हातावर येऊन थांबल्या. विजार पोटरीवर. धाकट्या भावंडाचे कपडे चुकून घातल्यासारखी दिसत होती.

"हा चालणार नाही. दुसरा असेल तर घालून ये, नाहीतर खेळता येणार नाही."

"बाई, थोडा ओढून पाहा ना," मी मध्ये घुसले. "कापड आहे, वाढते."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नातीनं पाहिलं नाही. तिची मान खाली होती आणि ती मुकाट्यानं पट्टा सोडत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःहून चूक कबूल केली, ती सरांपुढे. "भाऊ, मीच उकळला. पोरीचा काई दोष नाई."

सर दुसरा गी शोधायला पळत सुटले. आष्टीहून आलेल्या एका मुलीकडे जास्तीचा गी निघाला. काळा. कालचा घातलेला, घामाचा वास येणारा, परक्या पोरीचा. मी त्या मुलीच्या पाया पडायचीच बाकी होते. नातीनं तो घातला, हात पुढे केले, त्या बाईंनी मान हलवली.

पहिली कुस्ती ती जिंकली. मला बघवत नव्हतं, तरी मी एक डोळा उघडा ठेवला. दुसऱ्या कुस्तीत समोरच्या मुलीनं तिला असं आवळलं की हिनं हात आपटले.

ती येऊन शेजारी बसली, पाणी प्यायली. मी म्हटलं, "पोरी, माह्यामुळं झालं. सोताचा गी असता त..."

तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघून हसली.

"तुह्यामुळं काऊन? ते पोरगी लय भारी होती. पुढच्या बारीले तिले पाडीन."

म्हणजे बघा, इतकं सगळं करूनही पोरगी हरली ती स्वतःच्या जिवावर. मला त्यात धड दोषीसुद्धा धरलं नाही.