पूल असताना होडी

मी दुबईला निघालो त्या दिवशी खाडीवरच्या नव्या पुलावरून एसटी धावत होती, तरी अब्बांनी मला होडीत बसवलं. अम्मी करवादली, "बस चुकेल पोराची." अब्बा म्हणाले, "माणूस पलीकडे लागेस्तोवर वल्हं ठेवायचं नाही, एवढंच मला येतं." गावचं कब्रस्तान पलीकडे, त्यामुळे मयतसुद्धा त्यांच्याच होडीतून जायचं. पूल झाला, उतारू संपले, म्हणून तर मी निघालो होतो.

जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये माझा सुपरवायझर मारेक, पोलंडचा. ताडमाड माणूस, तळहातांना जुने घट्टे. असे घट्टे मी घरी पाहिले होते. विचारलं, "बोट?" तेव्हा पहिल्यांदा हसला. पोरवयापासून शर्यतीची नाव वल्हवत आलेला, देशाकडून खेळलेला. नाव दोघांची, प्रत्येकाच्या हाती एकच वल्हं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत चौथे आले, आणि पदकं पहिल्या तीन जोड्यांनाच. मग तिकडची राजवट बदलली, क्लब पोसणारी फॅक्टरी बंद पडली, नावा विकल्या गेल्या. जोडीदार जर्मनीत ट्रक चालवायला गेला, हा इथे खोकी मोजायला. बायको आणि मुलगी मागे. आम्हाला पुलानं खाल्लं, त्याला फॅक्टरीनं.

एका हॉटेलमागे तसलीच एक नाव धूळ खात पडली होती. मारेकनं ती मागून घेतली, डागडुजी केली, आणि शुक्रवारी सकाळी जोडीदार म्हणून मला बसवलं. मी आपला गावच्या सवयीनं उभा राहिलो, आणि दोघेही पाण्यात. खाडीवर वाढलेला मी, पार लाज गेली. त्यानं पोलिशमध्ये माझा चांगलाच उद्धार केला असणार. मग समजावलं, "यू स्टॉप, आय गो राऊंड. सो नो स्टॉप, यल्ला," म्हणजे चल. एकानं हात थांबवला की दुसरा जागच्या जागी गरगरतो. अब्बा आणि हा एकाच मास्तरकडे शिकले की काय, असं वाटलं मला.

ऑगस्टमध्ये कंटेनर खाली करताना मारेक बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, अशा खेळाडूंचं हृदय मोठं झालेलं असतं. ऑफिसात मॅनेजर म्हणाला, इथेच दफन करू, खलास. मारेकच्या बायकोला फोन मी लावला. तिला इंग्लिश येत नव्हतं. ती एवढंच म्हणत राहिली, "होम. प्लीज, होम."

मग मी कामावर जाणंच सोडलं. पोलीस, हॉस्पिटल, एम्बसी, कार्गो. जो तो म्हणे, "बुकरा, इन्शाल्ला," म्हणजे उद्या. मीही दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. त्याच धावपळीत गावाहून फोन आला, अब्बा गेले. आपल्यात त्याच दिवशी माती. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मी पोचणार कसा? एम्बसीबाहेरच्या फुटपाथवर बसून रडलो, आणि नंबर पुकारला तसा आत गेलो. मारेकची पेटी विमानात चढली, मगच खोलीवर आलो.

अब्बांना पुलावरून नेलं. टेम्पोतून. होडी किनाऱ्यावर होती, वल्हवायला कोणी नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "पाच मिनिटांत पोचलो, काही त्रास झाला नाही." हे मी अजून गिळू शकलेलो नाही.

आता शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये संसार आहे. गावी मागे राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता कधी येणार, आणि माझ्यासारखे आलेले तर विचारायचंही सोडून बसलेत. माझं घर म्हणाल तर आता खाडीचा तेवढा पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत. परवा दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा मुलाला, फैजानला, सांगून टाकलं, "माझं काही झालं तर गावाला ने. आणि होडीतून ने."

त्यानं काचेबाहेर बघत अगदी प्रेमानं विचारलं, "बट अब्बा, देअर इज अ ब्रिज, ना?"